सोळा वर्षांच्या मुलाला सुधार केंद्रात ठेवावं का? अनुभव असलेल्यांनी लिहा

डिचोलीची आई

नमस्कार. बरेच दिवस इथे नुसती वाचत होते, आज पहिल्यांदा लिहिते.

मुलगा १६ वर्षांचा, अकरावीला. दहावीपर्यंत सगळं सरळ होतं. गेल्या दिवाळीपासून कॉलेजला म्हणून निघतो आणि कॉलेजात पोचत नाही. गांजा ओढतो हे शिगम्याच्या दिवसांत कळलं. घरातले पैसे जातात. विचारलं तर अंगावर येतो. एकदा त्याच्या बाबांना ढकललं, ते पडवीच्या पायरीवरून पडले आणि मनगट मोडलं. शेजारी सांगितलं की पावसाने पायरी निसरडी झाली होती.

माझ्या धाकट्या जावेने एक केंद्र सुचवलंय. घाटापलीकडे आहे, गोव्यात नाही. व्हॉट्सॲपवर माहितीपत्रक आलं: डोंगर, झाडं, योगासनं, 'तुमचं हरवलेलं मूल परत मिळवा'. कमीत कमी सहा महिने. महिना ३५ हजार, अनामत वेगळी. फोनवरचा माणूस अगदी गोड बोलला. म्हणाला, ताई, त्याला आधी काही सांगू नका, आमची माणसं पहाटे गाडी घेऊन येतील, तुम्ही फक्त दाराची कडी काढून ठेवा. पहिले ९० दिवस भेट नाही, फोन नाही. का, तर आईचा आवाज ऐकला की मुलं ढिली पडतात.

नवरा तयार आहे. माझा जीव होत नाही. पण रात्री खोलीला आतून कडी घालून झोपते, पोटच्या मुलाला भिऊन, हेही तितकंच खरं. ज्यांनी मुलांना अशा जागी ठेवलंय किंवा जे स्वतः राहून आलेत त्यांनी लिहा. उपदेश नको, तो नातेवाईक रोज देतात.

पेडणेकर

आमच्या वेळी बापाचा पट्टा हेच केंद्र होतं. अनामत नाही, काही नाही.

निवृत्त सिस्टर

@पेडणेकर, आणि त्या पट्ट्याखालून गेलेले किती जण आज दिवेलागणीला बारच्या बाकावर सापडतात तेही लिहा ना. मी वॉर्डात त्यांचीच सलाईनं लावली आयुष्यभर.

डिचोलीच्या ताई, नीट लिहिते, थोडा वेळ द्या.

काणकोणकर

ताई, मी ठेवला होता माझा मुलगा. इथे आता सगळे तुम्हाला 'नको नको' म्हणतील, म्हणून आधीच लिहितो. ज्याच्या घरात जळतं त्यालाच कळतं. आमच्याकडे दारू आणि गोळ्या दोन्ही होतं. बायकोचं मंगळसूत्र विकून झालं होतं. ठेवला त्या रात्री मी जेवून झोपलो, कित्येक महिन्यांनी. आज तो मोटारीच्या शोरूमला कामाला आहे, लग्न ठरतंय. केंद्रात त्याला कडक वागवलं असेल, मी विचारलं नाही. पण जिवंत आहे. कायदा नि हक्क बोलायला बरे वाटतात, पहाटे तीनला मुलगा सुरी घेऊन उभा राहतो तेव्हा तिथे कुणी कायदेवाला येत नाही.

तारवटी

सध्या जहाजावर आहे, नेट येतं-जातं, म्हणून तुकड्यातुकड्यांनी लिहीन.

मी राहून आलोय. वय १७ होतं. केंद्राचं नाव लिहीत नाही, ते आता बंद आहे आणि चालवणारा दुसऱ्या नावाने दुसरीकडे बसलाय असं ऐकतो. मला पण पहाटेच नेलं. तिघे होते. मला वाटलं घरात चोर शिरले, मी ओरडून आईला हाक मारली. आई स्वयंपाकघरात उभी होती, भिंतीकडे तोंड करून. आता मी पस्तिशी ओलांडली, बंदरात उतरून कुठल्याही हॉटेलात झोपलो तरी दाराला खुर्ची लावतो.

आत गेल्यावर पहिलं काम केस भादरणं. मग चपला काढून घ्यायचे, पळू नये म्हणून. एका हॉलमध्ये आम्ही सगळे, मी सगळ्यांत लहान, शेजारच्या गादीवर चाळिशीचा दारुडा. डॉक्टर म्हणून कुणी राहत नव्हता. 'सीनियर' असायचे, म्हणजे पूर्वी तिथेच दाखल झालेले आणि पैसे संपल्यावर तिथेच कामाला लागलेले. शिट्टी त्यांच्या हातात, चावी त्यांच्या हातात. कोण बोलला, कोण हसला, कोणी जेवण टाकलं, याची वही होती. रात्री सगळ्यांना गोल बसवून एकाला मध्ये उभा करायचे आणि बाकीच्यांनी त्याला शिव्या घालायच्या. याला ते उपचार म्हणायचे. शिव्या कमी घातल्या तर उद्या तू मध्ये.

मार मी सोसला. मारापेक्षा जे लक्षात आहे ते वेगळंच. माझी दाढ किडली, गाल सुजला, ताप भरला. मला वाटतं दोन आठवडे तरी ती सूज होती. 'नाटकं करतो, घरी जायचंय' म्हणून पॅरासिटामोल. चतुर्थीला घरचे भेटायला आले (तेवढी एक भेट द्यायचे) तेव्हा मालक स्वतः बाजूला खुर्ची टाकून बसला. आईने गालाला हात लावला, तर तोच म्हणाला, गोड फार खातो हो. मी काही बोललो नाही. बोललो असतो तर त्या रात्री काय झालं असतं ते मला माहीत होतं, आईला नव्हतं.

दुसरं म्हणजे संध्याकाळची गोळी. नाव कधी सांगितलं नाही. एकदा ती घेतल्यावर माझी मान एका बाजूला ओढली गेली आणि जीभ आत वळू लागली. मला वाटलं मी मरतो. सीनियर हसत होते.

निवृत्त सिस्टर

तारवटी, तुझं वाचून हात थरथरला. बाळा, ती मान ओढली जाणं, जीभ वळणं हा मनोविकाराच्या काही जुन्या औषधांचा ओळखीचा दुष्परिणाम आहे, तरुण मुलग्यांत तर जास्तच दिसतो. योग्य इंजेक्शन दिलं की बहुतेक वेळा थोड्याच वेळात उतरतो. आमच्या कॅज्युअल्टीत असा मुलगा आला की नवखी नर्ससुद्धा ओळखायची. म्हणजे तिथे औषध देणारा होता, औषध जाणणारा नव्हता.

आता ताई, तुमच्यासाठी. गांजा अचानक बंद केला तर चिडचिड, झोप न येणं, भूक मरणं, घाम, विचित्र स्वप्नं हे सगळं होतं. पहिला आठवडा वाईट, साधारण दोनेक आठवड्यांत बरंच निवळतं. त्यात जीव जात नाही. दारूचं किंवा झोपेच्या गोळ्यांचं तसं नाही. रोज पिणारा एकदम थांबला तर फिट येऊ शकते, भ्रम होतो, माणूस जाऊही शकतो; तिथे खाट हॉस्पिटलचीच हवी, डोंगरावरची नाही. काणकोणकरांच्या मुलाचं दारू आणि गोळ्या दोन्ही होतं, त्यांची गोष्ट म्हणूनच वेगळी. तुमच्या मुलाला सहा महिने कोंडायला वैद्यकीय कारण मला तरी दिसत नाही.

एक मात्र बघा. तो एकटाच बोलतो का, कुणीतरी आपल्यावर पाळत ठेवतंय म्हणतो का, आवाज ऐकू येतात म्हणतो का? कोवळ्या वयात जास्त गांजा ओढणाऱ्या काही मुलांत हे सुरू होतं. असं काही असेल तर आठवडाही थांबू नका, बांबोळीला आयपीएचबीच्या, म्हणजे सरकारी मनोरुग्णालयाच्या ओपीडीत न्या. आणि गांजाबरोबर आणखी काय चालतं तेही शांतपणे काढा. लोकांना फक्त गांजा दिसतो. केंद्र सरकारसाठी एम्सने देशभर केलेल्या पाहणीचा अहवाल २०१९ साली आला, त्यात थिनर, व्हाइटनर, पंक्चरचं सोल्यूशन हुंगणं हा एकच प्रकार असा निघाला की जो मोठ्यांपेक्षा मुलांत जास्त आहे: मोठ्यांत ०.५८ टक्के, मुलांत १.७. रुमालाला वास येतो का बघा.

पणजीकर ७७

वाचतोय. तारवटी, पुढचं लिही. आणि ताई, मनगटाचं शेजाऱ्यांना खोटं सांगितलंत त्यात लाजण्यासारखं काही नाही.

अ‍ॅड. तिसवाडी

ताई, तो माणूस फोनवर जे बोलला त्यातलं जवळजवळ प्रत्येक वाक्य कायद्याच्या विरुद्ध जातं, आणि गंमत म्हणजे ते त्याने आश्वासन म्हणून सांगितलं.

दारू आणि अमली पदार्थांमुळे होणाऱ्या मानसिक अवस्था मानसिक आरोग्य सेवा कायदा २०१७ मध्ये आजारात धरल्या आहेत. त्यामुळे व्यसनी मुलांना ठेवून उपचार करतो म्हणणाऱ्या जागेला त्या राज्याच्या मानसिक आरोग्य प्राधिकरणाकडे नोंदणी लागते. अल्पवयीन मुलासाठी कलम ८७ आहे. दाखल करायच्या दिवशी किंवा त्याआधीच्या सात दिवसांत दोन तज्ज्ञांनी, ज्यांपैकी एक तरी मनोविकारतज्ज्ञ असलाच पाहिजे, मुलाला स्वतंत्रपणे तपासायचं. दोघांनीही म्हणायचं की आजार एवढा गंभीर आहे की ठेवल्याशिवाय भागणार नाही आणि घरी राहून, ओपीडीत जाऊन जे करता आलं असतं ते करून झालं. मुलाची स्वतःची इच्छा काय तेही विचारात घ्यायचं. फोनवर तुमचं ऐकून पहाटे गाडी पाठवणाऱ्याने यातलं काय केलं?

मुलांना मोठ्यांपासून वेगळं ठेवायचं. तारवटीच्या शेजारची ती गादी आज सरळ बेकायदा आहे.

आणि हे वाक्य नवऱ्याला वाचून दाखवा: अल्पवयीन मूल दाखल आहे तोवर पालकाने किंवा पालकाने नेमलेल्या माणसाने पूर्ण काळ त्याच्यासोबत राहायचं आहे. मुलगी असेल आणि पालक पुरुष असेल तर सोबत बाई हवी. कायद्यात ही सवलत नाही, अट आहे. 'नव्वद दिवस भेट नाही' हा नियम या कलमाशेजारी ठेवून बघा. शिवाय ७२ तासांत मानसिक आरोग्य पुनर्विलोकन मंडळाला कळवायचं, ३० दिवसांपुढे गेलं तर मंडळाने स्वतः तपासायचं आणि पुढे दर ३० दिवसांनी पुन्हा. पालक म्हणून तुम्ही 'नेते घरी' म्हणालात की त्यांनी सोडलंच पाहिजे. अनामतीचा वाद वेगळा, मुलगा तारण नव्हे.

केस भादरणं, सक्तीचं काम, दोन्ही कलम २० मध्ये येतं: असं करता येत नाही. साखळीने बांधायला पूर्ण बंदी आहे. एकांतकोठडी नाही. धरून ठेवणं, बांधून ठेवणं फक्त तत्काळ इजा टाळायला दुसरा उपाय नसेल तर, मनोविकारतज्ज्ञाच्या परवानगीने, लागेल तेवढाच वेळ. शिक्षा म्हणून कधीच नाही.

साखळीचं कलम हवेतून आलेलं नाही. ६ ऑगस्ट २००१ ला तामिळनाडूत एरवाडीला एका खाजगी मनोरुग्ण आसऱ्याच्या झापाच्या शेडला आग लागली. माणसं खाटांना साखळ्यांनी बांधलेली होती. २८ जण गेले.

आता ते म्हणतील आम्ही हॉस्पिटल नाही, आम्ही निवासी शाळा, आश्रम, गुरुकुल वगैरे. मग विचारा, बाल न्याय कायदा २०१५ खाली नोंद आहे का? दोन्हीकडे नाही, तर परक्याचं मूल कोंडून ठेवायचा अधिकार कुणी दिला? त्याच कायद्याच्या कलम ७५ प्रमाणे संस्थेतल्या माणसाने ताब्यातल्या मुलाला मारलं किंवा जाणूनबुजून हेळसांड केली तर पाच वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि पाच लाखांपर्यंत दंड होऊ शकतो. किडलेली दाढ, ताप आणि पॅरासिटामोल ही हेळसांडच आहे. तिच्यासाठी वळ उठायला लागत नाहीत.

काणकोणकर

वकीलसाहेब, कायदा म्हणतो पालकाने सोबत राहायचं. मी बागायतीत मजूर लावतो, बायको अंगणवाडीत. कोण राहणार सहा महिने?

अ‍ॅड. तिसवाडी

प्रश्न रास्त आहे, आणि उत्तर कठीण आहे. माणूस तुम्ही नेमू शकता, मामा, आत्या, कुणीही. आणि कायद्याचा रोख असा की मुलाला ठेवायचंच झालं तर थोडे दिवस, बाकी उपचार घरून. सहा महिने हा आकडा कुठल्या तपासणीतून येतो? मुलगा बघायच्या आधीच ठरलेला असतो.

एक विचारतो, राग मानू नका. तुमचा मुलगा तेव्हा किती वर्षांचा होता? आणि भेटायला देत होते का?

काणकोणकर

एकवीस. दर रविवारी जायचो. बायको डबा न्यायची, सुंगटांचं (कोळंबीचं) हुमण असलं तर आतल्या चार पोरांना पण पुरेल एवढं. तिथले डॉक्टर बसून बोलायचे आमच्याशी. त्याने फोन करायचा गुरुवारी.

तारवटी

मग काका, तुम्ही आणि मी दोन वेगळ्या जागांबद्दल बोलतोय. तुमच्या मुलाच्या ताटातलं दर रविवारी कुणीतरी बाहेरचं बघत होतं.

मडगावकरीण

गोव्यातल्या लोकांनी तरी हे विसरू नये. १९९१ ला मी मडगावात शाळेत होते. फ्रेडी पीट्सला अटक झाली तेव्हा आमच्या घरात कुणाचा विश्वास बसेना. अनाथ मुलांना सांभाळणारा भला माणूस म्हणून त्याला लोक देणग्या द्यायचे, मुलांना कपडे द्यायचे. त्या 'गुरुकुला'त मुलांचं लैंगिक शोषण चाललं होतं, परदेशी गिऱ्हाइकांपर्यंत. घरातून फोटोंचा नि निगेटिव्हचा ढीग सापडला. १९९६ ला त्याला जन्मठेप झाली. पुढे गोव्याने २००३ मध्ये स्वतःचा बाल कायदा केला, मुलांसाठी वेगळं न्यायालय आलं. त्या कायद्यात फोटो धुणारा स्टुडिओवालासुद्धा जबाबदार आहे: मुलांचं अश्लील छायाचित्र हाती आलं तर त्याने पोलिसांना कळवायचं.

मला त्यातलं एकच सांगायचंय. मुलं गावातच होती, दुकानात दिसायची. पण त्यांच्याशी त्या माणसाच्या पाठीमागे बोलणारं कुणी नव्हतं.

अ‍ॅड. तिसवाडी

बरोबर. फक्त एक खुलासा, गोव्याचा बाल कायदा गोव्यापुरता. ताईंचं केंद्र घाटापलीकडे आहे, तिथे तो पोचत नाही. पण मी वर लिहिलेले दोन्ही केंद्रीय कायदे पोचतात, आणि मुलांच्या लैंगिक शोषणाविरुद्धचा पोक्सोही. पोक्सोत गुन्ह्याची माहिती असून पोलिसांना न कळवणं हाच गुन्हा आहे, संस्थेच्या प्रमुखाला त्यासाठी वर्षापर्यंत कैद होऊ शकते.

सॉल्ट लेकचा फोंडेकर

मी मूळचा फोंड्याचा, नोकरीमुळे बरीच वर्षं युटात आहे. हा धागा वाचून चक्रावलो, कारण ताईंच्या माहितीपत्रकातली वाक्यं मी इथे इंग्रजीत वाचली आहेत. युटा म्हणजे या धंद्याची अमेरिकेतली राजधानीच समजा.

तारवटीने लिहिलेलं ते मध्ये उभं करून शिव्या घालणं कुठून आलं ते सांगतो. १९५८ साली कॅलिफोर्नियात चार्ल्स डीडरिक नावाच्या माणसाने सिनॅनॉन काढलं, हेरॉइनच्या व्यसनींसाठी. तिथे एकमेकांना गोलात बसून फाडून खायचा 'खेळ' होता. सिनॅनॉन पुढे पंथ बनून कोसळलं, पण खेळ उरला. १९६७ ला तिथेच सीडू नावाची शाळा निघाली, बिघडलेल्या मुलांसाठी, तिने तो उचलला. तिथून शाळाशाळांत. तुमच्या डोंगरावरच्या मालकाने यातलं नावही ऐकलं नसेल, पण पद्धत पोचते.

पहाटे मुलं उचलून नेणाऱ्या कंपन्या इथे राजरोस आहेत. हॉटेलवाल्या हिल्टन घराण्यातल्या पॅरिस हिल्टनला तसंच नेलं होतं, १९९०च्या दशकाच्या शेवटी, ती युटातल्या प्रोव्हो कॅनियन स्कूलमध्ये ११ महिने होती. २०२१ मध्ये तिने इथल्या विधिमंडळापुढे साक्ष दिली: मार, जबरदस्तीच्या गोळ्या, आंघोळ करताना नजर, एकांतकोठडी. त्याच वर्षी युटाने कायदा केला. केंद्रांची वर्षातून चार वेळा तपासणी, आणि मुलाला घरच्यांशी खाजगीत बोलायची सोय, कुणी शेजारी न बसता. एवढं साधं लिहायला कायदा लागला.

आकडे विचाराल तर: अमेरिकन संसदेच्या लेखापाल कार्यालयाने, म्हणजे आपल्या कॅगसारखं, २००७ मध्ये अहवाल दिला. २००५ या एका वर्षात ३३ राज्यांनी मिळून १,६१९ कर्मचारी अत्याचाराच्या घटनांत असल्याचं कळवलं होतं. त्यांनी दहा मृत्यू बारकाईने तपासले. १९९४ मध्ये युटाच्या रानातल्या अशाच एका शिबिरात १६ वर्षांचा एक मुलगा अल्सर फुटून गेला. तो आठवडे पोट दुखतं म्हणत होता आणि कर्मचारी म्हणायचे ढोंग करतो. मिशिगनातल्या एका केंद्रात २०२० मध्ये १६ वर्षांच्याच मुलाने जेवणाच्या खोलीत सँडविच फेकलं म्हणून मोठमोठे कर्मचारी त्याच्या अंगावर बसले. तो वाचला नाही. डिसेंबर २०२४ मध्ये अमेरिकेचा देशभरासाठीचा कायदा झाला, तोही बहुतांशी अभ्यास करा, शिफारशी करा एवढ्यावरच. सीमेबाहेर नेण्याचं तंत्रही जुनं आहे. जमैकात ट्रँक्विलिटी बे नावाची जागा होती, अमेरिकन पालक तिथे मुलं पाठवायचे, कारण तिथे अमेरिकन नियम नाहीत. २००९ ला बंद पडली.

ताई, एक बघा. इथल्या केंद्रांच्या पालकपुस्तिकेत एक परिच्छेद ठरलेला असायचा: मूल सांगेल मला मारतात, उपाशी ठेवतात, ते तुम्हाला खेळवतंय, विश्वास ठेवू नका. तक्रार यायच्या आधीच खोटी ठरवून ठेवायची. तुमच्या माहितीपत्रकात असं काही आहे का?

डिचोलीची आई

आहे. शेवटच्या पानावर, 'पालकांसाठी सूचना'. 'पाल्य सुरुवातीला केंद्राविषयी खोट्या व भयंकर गोष्टी सांगेल. हे व्यसनाचे लक्षण आहे. भावनेच्या भरात निर्णय घेऊ नये.' मी हे आधी दोनदा वाचलं होतं आणि मला ते समजूतदार वाटलं होतं.

संपादक मंडळ

वरच्या काही प्रतिसादांतली केंद्रांची नावं काढली आहेत. चांगलं म्हणूनही नाव नको आणि वाईट म्हणूनही नको, पडताळायची सोय आमच्याकडे नाही. चर्चा चालू राहू द्या.

पेडणेकर

ते ठीक. पण मग पोराला करायचं काय? सगळे नको ते सांगताय. बाईंच्या नवऱ्याचा हात मोडलाय.

निवृत्त सिस्टर

पेडणेकर, आज तुम्ही कामाचं बोललात.

ताई, अंगावर येतो तेव्हा वाद तिथेच सोडा, खोलीबाहेर या. सुऱ्या, कोयता, बाबांच्या गोळ्या कुलपात. जिवावर बेतलं तर ११२, लाज बाळगू नका. घराबाहेरचा एखादा माणूस शोधा ज्याचं तो ऐकतो, क्रिकेटचा कोच, मामा, कुणीही. मुलाने डॉक्टरकडे यायला नकार दिला तर आधी तुम्ही दोघं जा. लोकांना वाटतं पेशंटशिवाय ओपीडीत कोण विचारणार, पण पालकांचं बोलणं हाही उपचाराचा भाग असतो. तेही जमत नसेल तर १४४१६, टेलिमानस, फोनवर बोला, मराठीत बोलता येतं. मुलांवरच्या अत्याचाराची तक्रार असेल तर १०९८.

आणि कधी पुढे ठेवायचीच वेळ आली, येऊ शकते, तर जागा आधी बघून या. न सांगता, जेवणाच्या वेळी जा. कार्यालयात बसवून चहा देतील, तिथे बसू नका. संडास बघा. रात्रपाळीला कोण असतं, त्याचं शिक्षण काय, ते विचारा. औषधाची चिठ्ठी कुणाच्या सहीची आहे ते बघा. पुण्याचं मुक्तांगण १९८६ पासून चाललंय, तिथे घरच्यांना उपचारात धरतात, म्हणून तर लोक नाव घेतात. जी जागा घरच्यांना बाहेर ठेवते तिथे मी माझा कुत्राही ठेवणार नाही.

तारवटी

सिस्टर, संडासाचं अगदी बरोबर. आमच्या संडासाला दार नव्हतं.

डिचोलीची आई

थोडी उशिरा लिहिते, घरात बरंच काही झालं.

केंद्राला फोन केला. वकीलसाहेबांनी सांगितलं तसं नोंदणी क्रमांक विचारला, मनोविकारतज्ज्ञ कोण ते विचारलं, आणि मी सोबत राहते म्हटलं. तो गोड आवाज गेला. 'तुमच्यासारख्या आयांमुळेच मुलं बिघडतात' म्हणाला आणि फोन ठेवला. नवरा शेजारी बसून स्पीकरवर ऐकत होता. त्यानंतर त्याने केंद्राचा विषय काढलेला नाही.

मुलाला मी सगळं सांगितलं, पहाटेच्या गाडीचंसुद्धा. तो बराच वेळ गप्प बसला, मग म्हणाला, तू दार उघडलं असतंस? मी खरं ते सांगितलं, की माहीत नाही. बांबोळीला तो आला. कानात इयरफोन, तोंड फुगलेलं, पण आला. तिथल्या बाईंनी आम्हाला बाहेर पाठवून त्याच्याशी एकट्याशी बोलणं केलं. काय बोलला ते त्या सांगत नाहीत. एवढंच कळलं की कुणाचं तरी देणं आहे आणि तो मुलगा याला धमकावतो. घरातले पैसे कुठे जात होते ते आता कळलं. गांजा सुटलेला नाही. परवा पुन्हा भांडण झालं, मी खोलीबाहेर आले, त्याने बशी फोडली. पुढच्या आठवड्यात परत बोलावलंय.

जाऊ बोलत नाही माझ्याशी. तिच्या माहेरचं कुणीतरी त्या केंद्रात ओळखीचं आहे म्हणे.

काणकोणकर

देणं किती ते काढा आणि त्या पोराच्या बापाला जाऊन भेटा. एकटे जाऊ नका, मी येतो पाहिजे तर. डिचोली काही लांब नाही.

अ‍ॅड. तिसवाडी

ताई, ते माहितीपत्रक टाकून देऊ नका. त्यात लिहिलंय ते पुरावा आहे: वय, ९० दिवस, ती शेवटच्या पानावरची सूचना. त्या राज्याच्या मानसिक आरोग्य प्राधिकरणाला आणि त्या जिल्ह्याच्या बाल कल्याण समितीला तक्रार देता येते. तुमचं मूल तिथे असण्याची गरज नाही. कुणीही देऊ शकतं.

डिचोलीची आई

माझं नाव आलं तर घरात आग लागेल. सासूबाई आजारी आहेत. सध्या नको.

तारवटी

माझ्या नावाने द्या. मी पुढच्या महिन्यात मोपा विमानतळावर उतरतो, सही करायला पणजीला येईन. घरचे विचारतील तर विचारू देत.

अ‍ॅड. तिसवाडी

चालेल. ताई, माहितीपत्रकाची सगळी पानं आणि तुमच्या फोनमधली त्यांच्या कॉलची वेळ व नंबर, एवढं व्यक्तिगत निरोपात पाठवा. मुलाचं नाव कुठेही नको, जावेचंही नको.

डिचोलीची आई

पाठवलं. शेवटचं पान जरा तिरकं आलंय, वाचता येत नसेल तर सांगा, परत काढते.